लोकप्रियता आणि सद्बोध

हिप-हॉप संगीताविषयी सुशिक्षित कुटुंबांत दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, पैशाची घमेंड, शस्त्रांचे कौतुक व स्त्रियांची हेटाळणी यांवाचून या गाण्यांत दुसरे आहे काय? दुसरा म्हणतो, सद्बोधपर गाणीही आहेत, परंतु बाजार त्यांस पुढे येऊ देत नाही. लोकप्रियता व सदर्थ यांचे हाडवैर उभय पक्षांनी गृहीतच धरिले आहे. इतिहास मात्र त्यास पुरती साक्ष देत नाही.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास गरीब तरुणांच्या नाचगाण्याच्या मेळाव्यांतून ही कला जन्मास आली. करमणूक हाच तिचा मूळ हेतू. १९७९ साली शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ गाजले. त्यात विनोद व फुशारकी यांपलीकडे फारसे काही नव्हते. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या मंडळीच्या नावे ‘द मेसेज’ निघाले व मोडकळीस आलेल्या वस्तीतील दैन्य प्रथमच इतक्या ठसठशीतपणे गाण्यात उतरले. मौज अशी की, असले गंभीर गाणे करण्यास मंडळीच नाखूष होती. आग्रह धरिला तो ध्वनिमुद्रिकांचा व्यापार करणाऱ्या सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंनी. ‘रॅपर्स डिलाइट’ही त्यांनीच काढिले होते! पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत २००२ साली ‘द मेसेज’चा व २०११ साली ‘रॅपर्स डिलाइट’चाही समावेश केला.

‘द मेसेज’ या नावाचा अर्थ ‘संदेश’ असला, तरी त्या गाण्याचे बळ उपदेशात नाही. त्या वस्तीत वाढलेला एक मुलगा गुंडांस आदर्श मानून अखेर तुरुंगात कसा संपतो, हे ते डोळ्यांपुढे उभे करिते. बोध ज्याचा त्याने घ्यावा. केंड्रिक लामार यांचा २०१७ सालचा ‘डॅम’ हा गीतसंग्रह खपाच्या यादीत अग्रस्थानी गेला आणि २०१८ साली त्यास संगीताचे पुलित्झर पारितोषिकही मिळाले. सदर्थास गिऱ्हाईक नाही, असे यावरून तरी म्हणता येत नाही.

तथापि बाजार निर्दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. एक साचा खपला की त्यातूनच शेकडो गाणी पाडावयाची, ही त्याची खोड आहे, आणि स्त्रियांची विटंबना हा त्यांतील अत्यंत हिणकस साचा होय. त्याचा निषेध झालाच पाहिजे. परंतु सद्बोधाचेही साचे असतात, हे आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. बोधपर कादंबऱ्यांचे ढीग आपण पाहिलेच आहेत.

म्हणून घरातील मुले ही गाणी ऐकत असतील, तर पालकांनी दार लावून घेण्यापूर्वी ती एकवार स्वतः ऐकावीत. गाणाऱ्याने हे आयुष्य जवळून पाहिले आहे की उसने घेतले आहे, हे कानास पुष्कळदा कळते. तेवढे ऐकून मग मुलांशी वाद घालावा. त्या वादास काही अर्थ राहील.