सोनं पेशीत शिरलं, पण औषध पोहोचलं का?

धातूंच्या नॅनोकणांवरचे पेपर वाचायला घेतलेत की एकच पाककृती वारंवार भेटते. पानांचा अर्क, त्यात सोन्याचा नाहीतर चांदीचा क्षार, रंग बदलला की कण तयार. मग ते एमसीएफ-७ पेशींवर टाकायचे, एमटीटी चाचणी करायची आणि शीर्षकात ‘कर्करोगविरोधी’ लिहून मोकळं व्हायचं.

सुरुवात मात्र दमदार होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुरली शास्त्रींच्या गटाने २००४ साली गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण बनवले. (आमच्या आसगावात तो फक्त चहात पडतो!) मला त्यांचा २००५ चा ‘लँगम्युअर’मधला पेपर जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात सोन्याचे कण मॅक्रोफेज पेशींना दिले. पेशी मेल्या नाहीत, आणि कण केंद्रकाभोवतीच्या लायसोसोममध्ये साठलेले दिसले.

आता इथे थांबून विचार करा. मॅक्रोफेजचं कामच मुळी गिळण्याचं. तिने कण गिळला म्हणजे गाठीतली पेशीही तसाच गिळेल, असं होत नाही. आणि डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाला केंद्रकातल्या डीएनएपर्यंत जायचंय. ते लायसोसोममध्येच अडकलं तर उपयोग काय? त्या पेपरने औषध पोहोचवल्याचा दावा केलाच नव्हता. पण एका प्रकारच्या पेशींवरच्या त्या निष्कर्षावरून ‘सोनं सुरक्षित आहे’ असं सरसकट लिहिणं मला पटत नाही.

शरीरात तर गणित आणखी बिघडतं. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचलेल्यांचं मध्यमूल्य निघालं ०.७ टक्के. बाकीच्यांतला मोठा वाटा यकृत आणि प्लीहेत जातो, म्हणजे पुन्हा त्याच मॅक्रोफेजच्या पोटात.

म्हणून पेपर हातात आला की मी आधी कंट्रोल शोधते. नुसता अर्क, नुसतं औषध, औषधाशिवायचे कण, निरोगी पेशी, हे सगळं आहे का? चांदी स्वतःच पेशी मारते, मग श्रेय औषधाला कसं द्यायचं? शिवाय सोन्याचे गोल कण ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात आणि एमटीटीचं वाचन साधारण ५७० ला होतं. अर्कातली द्रव्यंही पेशींशिवाय एमटीटीला जांभळं करू शकतात. दोन्हीमुळे मेलेल्या पेशी जिवंत वाटतात. माझ्या पहिल्या प्लेटमध्ये पेशींशिवायचा, फक्त कणांचा वेल मी ठेवलाच नव्हता. तीन आठवड्यांचे आकडे फेकावे लागले.