'बार्बारा' आणि फेरोचा समुद्र

यॉर्गन-फ्रांत्झ याकोबसेन १९३८ सालीं क्षयानें वारला. त्याची 'बार्बारा' ही एकुलती एक कादंबरी दुसऱ्याच वर्षीं प्रसिद्ध झाली. हस्तलिखित प्रकाशनास सिद्ध करण्याचें काम त्याचा मित्र विल्यम हाइनेसेन यानें केलें. कथा अठराव्या शतकांतील फेरो बेटांची. पाद्र्याची विधवा बार्बारा नव्या पाद्र्याशीं, पौलशीं, लग्न करते आणि पुढें त्यालाहि सोडून जाते. एवढ्यावरून कित्येक वाचक हिला चंचल स्त्रीची कथा ठरवितात. आम्हांस तें पटत नाहीं.

कथेचें मर्म मिकिनेसच्या प्रसंगांत आहे. फेरोच्या पाद्र्याकडे एकच गांव नसे. अनेक गांवांचीं देवळें त्याला सांभाळावीं लागत, आणि कांहींपर्यंत होडीवांचून पोंचणें अशक्य. मिकिनेस तर अगदीं पश्चिमेचें बेट. समुद्र खवळला कीं तेथें होडी लागतहि नाहीं आणि सुटतहि नाहीं. घरीं देखणा आंद्रेआस पाहुणा आहे हें ठाऊक असूनहि पौल नाताळच्या सुमारास तेथें जातो आणि वादळांत अडकून पडतो. परततो तों घर रिकामें! बायकोला दोष द्यावा, तर त्या बेटावरील माणसांनीं नाताळांत पाद्र्यावांचून राहावें काय?

शेवटीं आंद्रेआसला घेऊन निघालेल्या गलबतामागें बार्बारा होडींतून धांवते, पण तें तिच्या हातीं लागत नाहीं. हा प्रसंग जरा घाईनें उरकला आहे. तथापि ज्या लोककथेवरून ती घेतली तींतील बेंता पाद्र्यांचा घात करणारी दुष्ट स्त्री आहे. याकोबसेननें तिचा दुष्टपणा तेवढा काढून घेतला, आकर्षण तसेंच ठेविलें.