बोंगोवरील आघात आणि समेची अपेक्षा

परकी भाषा ऐकताना श्रोता आपल्या भाषेच्या सवयी बरोबर घेऊन येतो, ही गोष्ट भाषाभ्यासकांना नवी नाही. परक्या संगीताच्या बाबतीतही असेच घडते; मात्र तेथे तिची दखल क्वचितच घेतली जाते. क्यूबातील बोंगो या वाद्याची जी प्रशंसा सामान्यतः ऐकू येते, तीत दोन मते आढळतात. एका मताने बोंगो हे उन्मादाचे वाद्य आहे. दुसऱ्या मताने ते 'बोलते'. ही दोन्ही मते वादनाच्या घडणीपर्यंत पोहोचत नाहीत. बोंगोच्या ठेक्यातील प्रमुख आघात कोठे पडतो आणि तो कशाची खूण आहे, हे कळल्यावाचून त्या वादनाची पारख होणे शक्य नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वाद्याचा परिचय थोडक्यात पुरे. एकमेकांस जोडलेली दोन लहान ढोलकी वादक गुडघ्यांत धरून बसतो. लहान तो 'माचो' म्हणजे नर आणि मोठी ती 'एम्ब्रा' म्हणजे मादी. गाडा-गाडी, सुरा-सुरी या जोड्यांत मोठ्या वस्तूस पुल्लिंग देणाऱ्या मराठीभाषकाला हा क्रम उलटा वाटेल. मांडणीही आपल्या दृष्टीने उलटीच आहे. तबला उजव्या हाताखाली व डग्गा डाव्या हाताखाली असतो. बोंगोत माचो डावीकडे व एम्ब्रा उजवीकडे. पूर्वी चामडे खिळ्यांनी ठोकलेले असे, आणि आपल्याकडे हलगी शेकून घेतात तसा आंच देऊन त्याचा स्वर चढवीत. ताण देण्याचे लोखंडी पेच मागाहून आले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व क्यूबात 'सोन' या गीतप्रकाराबरोबर हे वाद्य वाढले आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत हवानात रुजले. त्याच्या मूळ ठेक्यास 'मार्तियो' म्हणजे हातोडा म्हणतात. चार मात्रांचे आवर्तन, प्रत्येक मात्रेचे दोन भाग, असे आठ घात दोन्ही हातांनी आळीपाळीने होतात. पहिल्या तीन मात्रांवर उजवा हात माचोवर टणक, कोरडा घात करतो; त्यांत पहिल्या व तिसऱ्या मात्रेस जोर असतो. मधल्या अर्धमात्रांवर डाव्या हाताचा अंगठा आणि बोटे आलटून पालटून चामड्यावर टेकतात. चौथ्या मात्रेस मात्र उजवा हात एम्ब्राकडे वळतो आणि आवर्तनातील एकमेव खोल, खुला नाद उमटतो.

नेमक्या याच ठिकाणी आपल्या कानाची फसगत होण्याचा संभव आहे. वजनदार, घुमारेदार नाद ऐकला की तो समेवर पडला असावा, अशी आपली सहज समजूत होते. ती धरून चालले की सारे आवर्तन एका मात्रेने सरकते. गायकाची ओळ अवेळी सुरू झाल्यासारखी वाटते, आणि वादक कालाशी खेळ करीत आहे असा भास होतो. उन्मादाचे जे वर्णन केले जाते, त्यातील काही अंश तरी श्रोत्याच्या या चुकीच्या मोजणीतून आला असावा.

ध्वनिविचारात याला जवळचा दाखला आहे. त्रुबेत्स्कॉय यांच्या १९३९ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आघाताच्या सीमादर्शक कार्याचे विवेचन आहे. चेक भाषेत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो. तो शब्दाचा आरंभ सांगतो. पोलिश भाषेत तो सामान्यतः उपान्त्य अक्षरावर पडतो. शब्द संपावयास आता एकच अक्षर उरले आहे, असे तो सांगतो. दोन्ही आघात सीमा दाखवितात. परंतु एक सीमेवर उभा राहून, दुसरा तिच्या अलीकडून. आपली सम पहिल्या जातीची आहे, तर एम्ब्रावरील आघात दुसऱ्या जातीचा. सोनमध्ये पुढे रूढ झालेल्या चालीत मंद्र तंतुवाद्यही पहिली मात्रा बहुधा मोकळी सोडते आणि पुढच्या आवर्तनाचा स्वर चौथ्या मात्रेवरच घेते. तेव्हा चौथ्या मात्रेवरील हा जोर वादकाची लहर नव्हे; ती साऱ्या वृंदाची व्यवस्था आहे.

अशी आगाऊ खूण आपणांस अगदीच अपरिचित आहे असेही नाही. त्रितालाच्या ठेक्यात खालीच्या भागात लोपलेला डग्ग्याचा घुमारा चौदाव्या मात्रेस परत येतो आणि सम जवळ आल्याचे सुचवितो. त्या सूचनेकडे आपण लक्ष देत नाही, कारण पुढे सम ठळकपणे येणारच असते. सोनमध्ये त्या सूचनेवरच भिस्त आहे.

या उपमेची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. योरुबा लोकांचे दुंदुन हे वाद्य त्यांच्या भाषेतील सुरांचे चढउतार प्रत्यक्ष अनुकरितात. तेथे ढोल 'बोलतो' हे विधान शब्दशः खरे आहे. बोंगोतील स्वरभेद कोणतेही शब्द दर्शवीत नाहीत. त्याचे भाषेशी साम्य आहे ते सीमांच्या व्यवस्थेपुरते.

या प्रतिपादनावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो वजनदार आहे. पूर्व क्यूबातील 'चांगुई' या जुन्या प्रकारात मोठ्या घडणीचा बोंगो वाजतो. तेथे मार्तियो नाही. वादक गायकाशी व 'त्रेस' या तंतुवाद्याशी सतत संवाद करीत राहतो, आणि ओलसर बोट चामड्यावर घासून हंबरण्यासारखा नाद काढतो. (डग्ग्यावर मनगटाच्या दाबाने काढलेल्या घसीटीहून ही क्रिया निराळी आहे.) १९२० साली स्थापन झालेल्या सेक्स्तेतो आबानेरो या वृंदाच्या त्या दशकातील ध्वनिमुद्रिकांतही आगुस्तिन गुतिएर्रेस यांचे वादन ठेक्यात फारसे अडकून पडत नाही. मग मार्तियोला पायाभूत कसे मानावयाचे?

याचे उत्तर वृंदाच्या रचनेत सापडते. चांगुईत मराका व 'ग्वायो' ही खरखरीची पट्टी काल स्थिर राखतात. सेक्स्तेतोत ते काम मराका आणि क्लावेच्या पाच ठोक्यांकडे आहे. ढोलाच्या जातीचे वाद्य एकटा बोंगोच असल्यामुळे त्यास मोकळीक होती. १९४० नंतरच्या दशकात आर्सेनिओ रोद्रिगेस यांनी वृंदात तुंबादोरा, पियानो व अधिक तुताऱ्या आणल्या, तेव्हा जागा आकुंचित झाली. मार्तियो अधिक काटेकोर झाला, आणि 'मोन्तुनो' या उत्तरार्धात वादकाने बोंगो खाली ठेवून घंटा हाती घेण्याची रीत रूढ झाली. सीमा दाखविण्याचे कार्य कायम राहिले. ते कोणी करावयाचे याची वाटणी मात्र बदलली.

हीच कसोटी बोंगोच्या प्रवासास लावता येते. १९४७ साली जॅक कॉस्टँझो स्टॅन केंटन यांच्या जाझ वृंदात आले. तेथे काल राखावयास ड्रमसंच आधीच होता. चौथ्या मात्रेच्या खुणेवर कोणी विसंबून नव्हते. त्यांच्या हाताची तयारी वादातीत आहे. तथापि तेथे बोंगो हा अलंकार झाला. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात कावस लॉर्ड यांनी वाजविलेल्या बोंगोचे प्रयोजनही मुख्यतः गीतास रंग देण्याचे होते. त्यात उणेपणा काही नाही. मात्र आपल्यापैकी अनेकांची या नादाशी ओळख तेथेच झाली असल्याने, त्याच मापाने सोनमधील वादन जोखण्याचा मोह आवरला पाहिजे.

म्हणून बोंगोवादनाचे मूल्यमापन करताना वेगाआधी तीन गोष्टी पाहाव्यात. डाव्या हाताचे अर्धश्रुत घात सम आणि जिवंत आहेत काय? वादक ठेका सोडतो तो गायकाच्या ओळींतील मोकळ्या जागी, की ओळीवर चढून? आणि परतताना चौथ्या मात्रेची खूण तो अशी देतो काय, की क्लावे व मंद्र तंतुवाद्य यांच्याशी तिचा मेळ बसावा? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी श्रोत्याने प्रथम एकच अभ्यास करावा: सेक्स्तेतो आबानेरोची एखादी मुद्रिका लावून क्लावेच्या आधाराने पहिली मात्रा स्वतः मोजावी, आणि घुमाऱ्याच्या मागे जाण्याचे टाळावे. हे साधले की जे अवेळी वाटत होते ते वेळेवर येऊ लागते, आणि वादकाचे खरे स्वातंत्र्य कोठे आहे हेही ऐकू येऊ लागते.