पुन्हां तेथेंच?

"पुन्हां तेथेंच?" हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं निरुपद्रवी दिसतो, परंतु तो ज्या स्वरांत विचारला जातो, त्या स्वरांत प्रश्नापेक्षां निकालच अधिक असतो. जो मनुष्य दरवर्षीं पंढरीस जातो त्याला हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. जो दर उन्हाळ्यांत महाबळेश्वरास जातो त्याला क्वचित् विचारतात. पण जो प्रौढ मनुष्य वारंवार एखाद्या क्रीडोद्यानांत जातो, त्याला घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकजण हा प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट न पाहतां हंसतो. या टीकेंत तथ्य किती, आणि ज्याच्यावर ती होते त्यानें तिला सामोरें कसें जावें, याचा विचार येथें करावयाचा आहे. विषय क्षुल्लक आहे असें ज्यांस वाटेल त्यांस आमची विनंति एवढीच कीं, मनुष्य आपल्या निरुपद्रवी आनंदाविषयीं दुसऱ्यापुढें ओशाळूं लागला म्हणजे गोष्ट क्षुल्लक राहत नाहीं.

विषय सुचण्याचें कारण घरगुती आहे, आणि त्या प्रकरणांत आमची भूमिका आरोपीची नसून फिर्यादीची होती, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आमचा एक पुतण्या दक्षिण कॅलिफोर्नियांत राहतो. अनाहाइम येथील डिस्नेलँड त्याच्या घरापासून मोटारीनें अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. वार्षिक पास काढून तो महिन्यांतून दोनदां तरी तेथें जातो. आमच्या कुटुंबांत हा थट्टेचा विषय होता. लग्नकार्यांत चार माणसें जमलीं कीं "आमचा अमेरिकेंतला उंदीर" म्हणून त्याचा उल्लेख होई. आम्हींही त्याला एकदां लांबलचक पत्र लिहिलें. ज्या पैशांत तूं त्याच होडींत पन्नास वेळां बसलास, त्या पैशांत रोम आणि अथेन्स पाहून झालें असतें, आतां चाळिशी आली, जग मोठें आहे, इत्यादि. उत्तर दोन ओळींचें आलें. "काका, तुम्ही अठ्ठावीस वर्षें 'किंग लिअर' शिकवीत आहां. शेवट अजून लक्षांत राहिला नाहीं काय?"

हें उत्तर उद्धट म्हणून आम्हांस बाजूस सारतां आलें असतें. पण तें वर्मीं लागलें. एकदांच वाचलेली कृति ही वाचलेलीच नव्हे, हें वाक्य आम्ही दरवर्षीं पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांस ऐकवीत आलों आहों. तो नियम शेक्सपिअरपुरता खरा आणि डिस्नेलँडपुरता खोटा असेल, तर तसें सिद्ध करण्याची जबाबदारी आमच्यावर होती. सुदैवानें पुढच्याच हिवाळ्यांत त्याच्याकडे सहा आठवडे राहण्याचा योग आला, आणि त्या अवधींत आम्ही त्याच्याबरोबर चार वेळां त्या उद्यानांत गेलों.

या छंदावरील आक्षेप मुख्यतः चार आहेत. तो पोरकट आहे. तेथील सर्व कांहीं नकली आहे. तोच तो प्रकार पाहणारा मनुष्य कूपमंडूक होय. आणि हा सारा पैशाचा अपव्यय आहे. पहिले दोन आक्षेप विद्वानांनींही घेतले आहेत, व ती परंपरा जवळजवळ उद्यानाइतकीच जुनी आहे. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें. संत्र्यांच्या बागांच्या जागीं, सुमारें १६० एकर जमिनीवर, तें अवघ्या एका वर्षांत उभें राहिलें होतें. इतक्या घाईनें कीं, पहिल्या दिवशीं नव्या डांबरी रस्त्यांत स्त्रियांच्या बुटांच्या टांचा रुतल्या. १९५८ सालीं 'दि नेशन' या नियतकालिकांत ज्युलियन हेलेवी यांनीं या उद्यानास लास व्हेगासच्या पंक्तीस बसविलें. त्यावर त्याच पत्रांत कादंबरीकार रे ब्रॅडबरी यांनीं उत्तर दिलें: आपण तेथें प्रथम गेलों तें चार्ल्स लॉटन या थोर नटाबरोबर, आणि दोघांसही मनसोक्त आनंद झाला, टीकाकारांत बालपण पुरेसें उरलेलें नाहीं, हीच काय ती अडचण आहे. हें उत्तर चटकदार खरें, पण त्यानें वादाचा निकाल लागत नाहीं. बालपण उरलें नाहीं असें म्हणणें हा प्रतिपक्षास दिलेला टोला झाला; युक्तिवाद नव्हे.

पुढें उंबेर्तो एको यांनीं १९७५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत असें दाखविलें कीं, येथील नक्कल इतकी निर्दोष आहे कीं तिच्यापुढें खरी सृष्टि फिकी पडते. कारण खऱ्या नदींतील मगर काहीं ठरल्या वेळीं वर येत नाहीं. झां बोद्रियार यांनीं १९८१ सालीं आणखी पुढें जाऊन म्हटलें कीं, हें उद्यान उघडपणें काल्पनिक असल्यामुळेंच बाहेरचा देश खरा आहे असा भास टिकून राहतो. हे विचार मार्मिक आहेत. आम्ही ते वर्गांत आदरानें शिकविले आहेत. पण चार फेऱ्यांनंतर आमच्या ध्यानांत आलें कीं, त्यांत गृहीत धरलेला प्रेक्षक हा बहुधा पहिल्यानेंच आलेला, डोळे दिपलेला प्रेक्षक आहे. जो पन्नासाव्यांदा येतो त्याचे डोळे दिपलेले नसतात. त्याला युक्ति ठाऊक असते.

आमचाच अनुभव पाहा. पहिल्या फेरींत आम्हांस गर्दी, रांगा आणि दुखणारे पाय यांखेरीज कांहीं दिसलें नाहीं, व आमचें पत्र बरोबर होतें अशी आमची खात्री झाली. दुसऱ्या वेळीं पुतण्यानें किल्ल्यासमोर उभें करून विचारलें, "काका, उंची किती असेल?" आम्हीं दीडशें फूट सांगितली. ती आहे ७७ फूट. वरचे दगड खालच्यांपेक्षां क्रमाक्रमानें लहान केले आहेत, आणि दृष्टि स्वतःच उंची वाढवून घेते. प्रवेशद्वाराजवळच्या रस्त्यावरील घरांचे वरचे मजलेही असेच खालच्यांहून लहान आहेत. सभोंवार मातीचा बांध घालून त्यावरून आगगाडी फिरविली आहे, ती केवळ फिरण्यासाठीं नव्हे. बाहेरचें शहर आंत दिसूं नये म्हणून. हें एकदां कळल्यावर भुलणें संपतें आणि पाहणें सुरू होतें. 'सौभद्र' नाटक १८८२ पासून महाराष्ट्र पाहत आला. सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हें ठाऊक नसलेला प्रेक्षक त्या थिएटरांत कितीसा असेल? तरी ज्याला तें ठाऊक होतें तोच पुन्हां तिकीट काढी. रमणीयतेचें लक्षण म्हणून माघ कवीनें क्षणोक्षणींचें नावीन्य सांगितलें आहे. आम्ही त्यांत एवढीच भर घालूं कीं, हें नावीन्य पुष्कळदां वस्तूपेक्षां पाहणाराच बरोबर घेऊन येतो.

तिसऱ्या फेरींत जें घडलें तें सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो, पण तें वगळणें अप्रामाणिकपणाचें होईल. समुद्री चांच्यांची होडी म्हणून तेथें एक प्रकार आहे. उद्यानाचे जनक वॉल्ट डिस्ने १५ डिसेंबर १९६६ रोजीं वारले. ही होडी मार्च १९६७ मध्यें, त्यांच्या मागें तीन महिन्यांनीं सुरू झाली. आरंभीं होडी अंधाऱ्या दलदलींतून संथ जाते. काजवे चमकतात, आणि कांठावरच्या एका खोपट्याच्या ओसरींत एक म्हातारा झुलत्या खुर्चींत बसलेला दिसतो. तो अर्थात् यंत्राचा आहे. होडी त्याच्यासमोर आली तेव्हां आमच्या पुतण्यानें हलकेच हात जोडले. आम्हीं कारण विचारलें. त्यानें सांगितलें, तें असें: आमचे थोरले बंधु, म्हणजे त्याचे वडील, २०१७ सालीं त्याच्याकडे पांच महिने राहिले होते. त्यांची स्मृति तेव्हां झपाट्यानें जात होती. घरांत ते बेचैन असत. या होडींत मात्र शांत होत. प्रत्येक वेळीं तो म्हातारा दिसला कीं ते हात जोडून "नमस्कार, बसा, बसा" म्हणत. त्यांना प्रत्येक फेरी पहिलीच होती. मुलाला ती दहावी, विसावी होती. "बाबांना नवें दाखवायला मला दुसरीकडे जावें लागलें नाहीं, काका," एवढेंच तो म्हणाला. २०१९ सालीं बंधु गेले. आम्हीं रोम आणि अथेन्सचें पत्र लिहिलें तें त्यानंतर. लिहिण्यापूर्वीं, तूं तेथें कां जातोस, असें आम्हीं एकदांही विचारलें नव्हतें.

परंतु येथें एक सावधगिरी अवश्य आहे. ही हकीकत ऐकून वाचक म्हणतील, "असें असेल तर त्याला क्षमा आहे." आमचें म्हणणें याच्या उलट आहे. ज्याला असें दुःख नाहीं, ज्याला केवळ तो किल्ला आवडतो म्हणून जावेंसें वाटतें, त्यालाही क्षमेची गरज नाहीं. आनंदाला शोकाचा दाखला जोडल्याखेरीज तो मान्य करावयाचा नाहीं, ही रीत न्यायाची नव्हे.

तिसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे कूपमंडूकतेकडे वळूं. "तेंच तें" हें विशेषण वस्तुस्थितीला धरून आहे काय? जगांत कल्पनाशक्ति उरली आहे तोंवर हें उद्यान पुरें होणार नाहीं, असा खुद्द डिस्नेंचाच अभिप्राय होता. त्याच होडींतील, स्त्रियांच्या लिलावाचा एक देखावा २०१८ सालीं बदलून तेथें लुटीच्या मालाचा लिलाव आला, आणि विकली जाणारी तांबड्या केंसांची स्त्री स्वतःच चांची झाली. कृष्णवर्णीयांच्या चित्रणामुळें वादग्रस्त ठरलेल्या १९४६ सालच्या एका चित्रपटावर आधारलेला पाण्याचा डोंगर २०२३ सालीं बंद होऊन २०२४ सालीं नव्या कथेसह उघडला. हे बदल योग्य कीं अयोग्य, यावर सर्वांत बारकाईनें आणि तळमळीनें कोण बोलतें? जो एकदां येऊन गेला त्याला बदल झाल्याचा पत्ताही नसतो. एखाद्या कृतीचा खरा टीकाकार तिच्याकडे वारंवार जाणाऱ्यांतूनच निर्माण होतो. मग ती कृति नाटक असो, राग असो कीं उद्यान असो.

अतिरेक असतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. एका गृहस्थांनीं १ जानेवारी २०१२ पासून १३ मार्च २०२० पर्यंत सलग २,९९५ दिवस या उद्यानास भेट दिली. साथीमुळें दुसऱ्या दिवसापासून तें बंद झालें म्हणून क्रम तुटला, आणि पुढें ३० एप्रिल २०२१ पर्यंत दारें उघडलीं नाहींत. हा आदर्श म्हणून कोणापुढें ठेवावा असें आम्हांस वाटत नाहीं. पण त्यांत कोणाचें काय बिघडलें, हेंही आम्हांस सांगतां येत नाहीं.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे, आणि छंदिष्टांनीं तो थट्टेवारी नेऊं नये. १९५५ सालीं प्रौढांस प्रवेश एका डॉलरला मिळे, खेळांचे पैसे निराळे. आज सर्वांत स्वस्त दिवशींही शंभराहून अधिक डॉलर पडतात. ज्याला हें झेपत नाहीं त्यानें कर्ज काढून जाणें हें आम्ही कदापि मान्य करणार नाहीं. याहून गंभीर प्रश्न तेथें राबणाऱ्यांच्या वेतनाचा आहे. २०१८ सालीं अनाहाइमच्या मतदारांनीं किमान वेतनाचा एक कायदा मतदानानें संमत केला; तो या उद्यानास लागू होतो, असा निर्णय वरिष्ठ न्यायालयांतून मिळण्यास २०२३ साल उजाडलें. ज्याला ही जागा प्रिय आहे त्यानें हा इतिहास इतरांपेक्षां अधिक जाणला पाहिजे. प्रेमाचा अर्थ दोषांकडे पाठ फिरविणें असा होऊं लागला, तर टीकाकारांचा पोरकटपणाचा आरोप त्या दिवशीं सिद्ध झाला असें समजावें.

मग टीकेला उत्तर कसें द्यावें? आमच्या मतें, आनंदाचा फायदा सिद्ध करूं पाहूं नये. आरोग्य सुधारतें, कुटुंब एकत्र येतें, असल्या कारणांची रास घालणारा मनुष्य आपला पक्ष दुबळाच करतो. दुसऱ्यास आपल्या पंथांत ओढण्याचाही यत्न करूं नये. टीकेंत पैशाचा किंवा न्यायाचा मुद्दा असेल तर तो शांतपणें ऐकावा, कारण तो मुद्दा आहे. केवळ हंसणें असेल तर आपणही थोडें हंसावें आणि विषय संपवावा. आणि आमच्यासारख्या फिर्यादींनीं, पत्र लिहिण्यापूर्वीं, "कां?" एवढा एकच शब्द विचारावा, पण उत्तर ऐकण्यासाठीं.

चौथ्या फेरींत आम्हीं कोणत्याही रांगेंत पाय ठेवला नाहीं. संध्याकाळीं दाराजवळच्या चौकांत एका बांकावर दोघे बसून होतों. तेथील अग्निशामक दलाच्या इमारतीवर वॉल्ट डिस्ने यांची एक लहानशी खोली आहे; तिच्या खिडकींत त्यांच्या स्मरणार्थ एक दिवा ठेवलेला असतो. तो लागलेला होता. निघतांना पुतण्यानें विचारलें, "काका, कंटाळा आला ना?" आम्हीं म्हटलें, "नाहीं. पुन्हां केव्हां यायचें?"

येत्या जूनमध्यें कॉलेज उघडेल आणि आम्ही एकोणतिसाव्यांदा 'किंग लिअर' हातीं घेऊं. मागच्या बांकावरून कोणीतरी कुजबुजेल, "पुन्हां तेंच?" या खेपेस आम्हांस त्याचा राग येणार नाहीं.