थकबाकीच्या यादीतलं ‘अडचणीतलं’ घर

अमेरिकेत पडेल भावात घरं घेऊन विकणाऱ्यांना एक ठरलेला सल्ला मिळतो: घरपट्टी थकलेल्यांची सरकारी यादी मिळवा आणि गाडी काढून त्या भागात फिरा. वाढलेलं गवत, फळ्या ठोकलेल्या खिडक्या दिसल्या की ‘अडचणीतलं घर’ सापडलं! तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर याकडे सॅम्पलिंग म्हणून बघा. यादी मोजते काय? फक्त थकलेला कर. (पहिल्या वर्षी मी बिघडलेल्या सेन्सरची यादी तक्रारवहीतून काढली होती. ज्या लॅबने तक्रारच केली नव्हती तिचे सगळे सेन्सर ‘चांगले’ निघाले.)

डेट्रॉइटचं उदाहरण घ्या. तिथे तीन वर्षं कर थकला की वेन काउंटी घर जप्त करून लिलावात काढायची. पहिल्या फेरीत गेलं नाही तर दुसरीत बोली 500 डॉलरपासून सुरू. यातल्या बऱ्याच घरांत माणसं राहत होती, काहींना तर गरिबीमुळे करमाफी मिळू शकली असती.

आता तो करच बघा. मिशिगनच्या राज्यघटनेनुसार करासाठीचं मूल्यांकन बाजारभावाच्या 50 टक्क्यांवर जाता येत नाही. मंदीत भाव कोसळले, मूल्यांकन तेवढं उतरलं नाही. बर्नाडेट अटुआहेने आणि टिमथी हॉज यांच्या अभ्यासात 2009 ते 2015 दरम्यान, वर्षानुसार, 55 ते 85 टक्के घरं मर्यादेबाहेर निघाली. पुढे अटुआहेने आणि क्रिस्टोफर बेरी यांनी दाखवलं की 2011 ते 2015 मधल्या साधारण 10 टक्के जप्त्या या फुगवट्यामुळे झाल्या. म्हणजे गुंतवणूकदार जी अडचण शोधत फिरत होता, तिचा काही भाग यादी बनवणाऱ्या व्यवस्थेनेच तयार केला होता.

पण हे अभ्यासही डोळे झाकून वाचू नका. मूल्यांकन भागिले विक्रीची किंमत, हे इथलं मुख्य माप. किंमत कळते फक्त विकल्या गेलेल्या घरांची. त्यात नाइलाजाने झालेल्या विक्री धरल्या तर छेद लहान होतो आणि गुणोत्तर फुगतं. वगळल्या तर बऱ्या घरांचाच नमुना उरतो. शिवाय योगायोगाने कमी भावात गेलेलं घर ‘स्वस्त’ गटात पडतं आणि त्याच कारणाने त्याचं गुणोत्तरही वाढतं. त्यामुळे स्वस्त घरांवर जास्त अन्याय झाला हा निष्कर्ष मी जरा जपून घेईन. सरसकट फुगवट्याचा मात्र मला पटतो: निम्म्याहून जास्त घरं एवढ्याने मर्यादेबाहेर जात नाहीत.

पेपर उघडलात तर आधी कुठल्या विक्री वगळल्या तो परिच्छेद शोधा, तक्ते नंतर.