साक्षीविना एकांत : मराठी गिरिभ्रमणलेखनातील एक पेच

१

एकट्याने केलेल्या डोंगरयात्रेच्या लेखनात एक मूलभूत अडचण असते. शहराचे वर्णन वाचकाला पडताळून पाहता येते. समूहाने केलेल्या प्रवासाला सहप्रवाशांच्या आठवणींचा आधार असतो. परंतु पाठीवर शिधा आणि अंथरूण घेऊन एकट्याने कडा चढणाऱ्या, रात्री तंबूत किंवा उघड्यावर मुक्काम करणाऱ्या माणसाच्या अनुभवाला त्याच्यावाचून दुसरा साक्षीदार नसतो. अनुभवणारा, सांगणारा आणि साक्ष देणारा एकच. मग अशा कथनाला प्रामाण्य येते कोठून? मराठी गिरिभ्रमणलेखनाची चर्चा बहुधा निसर्गवर्णन, इतिहासप्रेम आणि शैली या अंगांनी होते. साक्षीचा हा प्रश्न मध्यभागी ठेवला, तर या लेखनाची घडण आणि तिच्या मर्यादा अधिक स्पष्ट होतात.

हा पेच केवळ मराठीचा नाही. युरोपीय पर्वतलेखनाचा आरंभ म्हणून पेत्रार्कच्या व्हाँतू पर्वतावरील चढाईचा निर्देश केला जातो. १३३६ मधील या चढाईत तो एकटा नव्हता; बरोबर धाकटा भाऊ होता. शिखरावर त्याने संत ऑगस्टीनचा ग्रंथ उघडला, आणि सारा वृत्तान्त एका धर्मगुरूला लिहिलेल्या पत्राच्या रूपाने सांगितला. हे पत्र चढाईनंतर बऱ्याच वर्षांनी रचले गेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे अंतर्मुखतेचा आद्य नमुना मानल्या गेलेल्या या संहितेलाही भाऊ, ग्रंथ आणि पत्राचा वाचक अशा तीन साक्षींची गरज भासली. पर्वतावरचा एकांत कथनात येताच एकटा राहत नाही, हे येथेच सूचित होते.

२

मराठीत ‘एकांत’, ‘एकाकीपण’ आणि ‘विजन’ हे तीन शब्द जवळचे असले तरी समानार्थी नाहीत. एकांत निवडलेला असतो. एकाकीपण वाट्याला येते. विजन हा स्थळाचा गुण आहे. महानुभाव आचारधर्माने अटन आणि विजन यांना साधनेत स्थान दिले. फिरत राहणे आणि निर्जन जागी बसणे या दोन क्रिया तेथे एकाच शिस्तीची अंगे आहेत. ‘लीळाचरित्रा’च्या ‘एकांक’ या विभागात श्रीचक्रधरांच्या एकाकी भ्रमणाच्या काळातील लीळा येतात. विभागाचे नावच एकटेपण सांगते आणि साक्षीचा प्रश्नही तेथेच उभा राहतो. या भ्रमणाच्या वेळी पुढील भक्तपरिवार बरोबर नव्हता. चक्रधरांनी प्रसंगपरत्वे जे सांगितले, ते ऐकणाऱ्यांच्या स्मरणात राहिले आणि म्हाइंभटांनी ते संकलित केले. एकाकी भ्रमण येथे ग्रंथरूप झाले ते श्रोत्यामुळे.

याच परंपरेतील ‘स्थानपोथी’ दुसऱ्या प्रकारची साक्ष उभी करते. चक्रधर कोठे बसले, कोठे निजले, देवळाच्या कोणत्या बाजूस थांबले, याची नोंद ती स्थळांच्या आधारे करते. ‘एकांका’त श्रोता साक्षी आहे, तर ‘स्थानपोथी’त भूमी. आजच्या डोंगरवाटांच्या मार्गदर्शिका पाण्याचे टाके, गुहेचे तोंड आणि चढाईचे तास नोंदवतात, तेव्हा त्या नकळत ‘स्थानपोथी’च्याच कुळात मोडतात. फरक हेतूचा आहे. महानुभाव साधकाला स्थळ स्मरणासाठी हवे होते; आजच्या वाचकाला ते पुनरावृत्तीसाठी हवे असते. पहिल्यात गेलेल्या व्यक्तीचे महत्त्व वाढते, दुसऱ्यात ती व्यक्ती पुसली जाते.

३

आधुनिक मराठीत डोंगर साहित्यात आला तो मुख्यतः दुर्गाच्या रूपाने. गो. नी. दांडेकरांच्या (१९१६–१९९८) दुर्गविषयक लेखनाने कित्येक वाचकांना सह्याद्रीची वाट दाखवली. या लेखनातला भटका एकटा असतानाही एकाकी नसतो, कारण गडाच्या प्रत्येक बुरुजापाशी इतिहास त्याची वाट पाहत असतो. राजगडाच्या माचीवर घालवलेली रात्र वाचकाला विश्वसनीय वाटते, ती निवेदकाच्या शब्दाइतकीच वाचकाच्या मनातील शिवकालाच्या स्मृतीमुळे. इतिहास हा येथे तिसरा साक्षी आहे, आणि तो इतका समर्थ आहे की निवेदकाला स्वतःच्या भीतीबद्दल, थकव्याबद्दल किंवा निरर्थकतेच्या क्षणांबद्दल फारसे बोलण्याची गरज उरत नाही. दुर्गलेखनाच्या असंख्य अनुकरणांत हेच बळ दोष बनले. व्यक्तिगत अनुभवाची जागा गौरवाने घेतली आणि एकांत हा केवळ पार्श्वभूमीचा पडदा ठरला.

रोलाँ बार्थने ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) मधील ‘ब्ल्यू गाइड’वरील टिपणात दाखवले, की प्रवासमार्गदर्शिका उंचसखल भूमीलाच रमणीय ठरवतात, स्मारकांना प्राधान्य देतात आणि तेथे राहणाऱ्या माणसांना नमुन्यांत बसवतात. सह्याद्रीवरील बऱ्याच लेखनाला हे विवेचन लागू पडते. वाट दाखवणारा धनगर, भाकरी देणारी माउली, ओझे वाहणारा पोरगा ही माणसे तेथे येतात; पण त्यांचे पाहणे येत नाही. एकट्या प्रवाशाला ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, ते खरे साक्षीदार दृश्याचा भाग होऊन जातात.

दांडेकरांनी स्वतः या कोंडीवर कादंबरीतून उत्तर शोधले, ही बाब महत्त्वाची आहे. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या शीर्षकातच निवेदकाने आपले नाव मागे घेतले आहे. ‘एक’ आहे, पण तो ‘कुणी’ आहे; नर्मदेच्या परिक्रमेत माणसाची ओळख गळून पडते, ती शीर्षकापासूनच. ‘माचीवरला बुधा’ त्याच्याही पुढे जाते. मुंबई सोडून राजमाचीच्या परिसरात परतणारा बुधा हा पाहुणा नव्हे; तो त्या भूमीचाच माणूस आहे. तो काही लिहीत नाही, कुणाला सांगत नाही. झाडे, पाखरे, जनावरे यांच्या संगतीतले त्याचे जगणे तृतीयपुरुषी निवेदक सांगतो. येथे एक सिद्धान्त हाती लागतो : संपूर्ण एकांताचे कथन केवळ कल्पित साहित्यालाच शक्य आहे. अनुभवकथन लिहिणारा परतलेला असतो, आणि परतणे म्हणजे एकांत मोडणे. न परतणाऱ्याची कथा सांगण्याचा अधिकार कादंबरीलाच मिळतो.

४

या निष्कर्षाची परीक्षा सह्याद्रीबाहेर घेतली पाहिजे. बीड जिल्ह्याच्या मधून जाणारी बालाघाटाची रांग त्यासाठी उपयुक्त आहे. पाटोदा तालुक्यात मांजरा उगम पावते. त्याच तालुक्यात सौताड्याजवळ विंचरणा खोल दरीत कोसळते. धारूरचा किल्ला सोडला, तर दुर्गलेखनाला हवा तसा इतिहास येथील डोंगर सहजी पुरवत नाहीत. ‘गड’ या शब्दाचा अर्थही येथे बदलतो. नारायणगड, गहिनीनाथगड आणि अहिल्यानगरच्या सीमेवरचा भगवानगड हे लढाईचे किल्ले नव्हेत. ती संतांची पीठे आहेत. सह्याद्रीत गड म्हणताच तट आठवतो. बालाघाटात गादी आणि फड.

या डोंगरांनी मराठीला एकांताची एक वेगळी परंपरा दिली. कपिलधारच्या धबधब्याच्या सान्निध्यात ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामींचे स्थान आहे. अंबाजोगाईजवळच्या दरीत मुकुंदराजांची समाधी दाखवली जाते. ‘विवेकसिंधु’चा काळ (परंपरेनुसार शके १११०) आणि मुकुंदराजांचे स्थळ यांविषयी वाद आहेत, अंभोऱ्याचा पक्षही प्रबळ आहे. तरी येथे महत्त्वाचे आहे ते ग्रंथाचे रूप. विजनाशी जोडला गेलेला हा ग्रंथ स्वगत नाही, गुरुशिष्यसंवाद आहे. गहिनीनाथांच्या आख्यायिकेतही हेच सूत्र दिसते. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने चुकामूक झालेला निवृत्ती गुहेत शिरतो आणि तेथे त्याला उपदेश मिळतो. तो एकटा पडतो, एकांत निवडत नाही. आणि गुहेत घडलेले पुढे ज्ञानदेवाला सांगितले गेले, म्हणूनच ते परंपरेत उरले. या साऱ्या कथनांत एकांत हा शेवट नसून संवादाची पूर्वअट आहे. म्हणूनच अशा निर्जन जागांच्या पुढे यात्रा झाल्या, यात विसंगती मानण्याचे कारण नाही. उशिरा आलेले साक्षीदार म्हणजेच यात्रा.

परंतु याच जिल्ह्यात उघड्यावरच्या मुक्कामाला दुसराही अर्थ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात; फडाच्या कडेला पाचट, बांबू, ताडपत्री यांची कोपी उभारून महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्याची गणना ‘अर्धा कोयता’ अशी होते. गिरिभ्रमणाच्या भाषेत ‘एकटा’ हे पूर्णत्वाचे विशेषण आहे. या भाषेत ते अपूर्णांक आहे. तंबू आणि कोपी दोन्ही तात्पुरती, दोहोंतून थंडी आत येते. पण तंबूतल्या माणसाला आपण येथे का आलो हे सांगावेसे वाटते, आणि कोपीतल्याला ते विचारले जात नाही. एकाची अनिश्चितता निवडलेली म्हणून अनुभव ठरते. दुसऱ्याची लादलेली म्हणून केवळ परिस्थिती. बाईच्या संदर्भात हा भेद आणखी तीव्र होतो, कारण उघड्यावर एकटे असणे तिच्यासाठी बहुधा एकांत नसून धोका असतो.

५

एकांत हे सार्वत्रिक मानवी मूल्य आहे असे गृहीत धरून गिरिभ्रमणलेखनाचे मूल्यमापन करणे म्हणूनच अपुरे ठरते. एकटे राहण्याची निवड, परतीची खात्री आणि सांगण्यासाठी वाचक या तीन गोष्टी हाती असलेल्या माणसाचेच ते लेखन असते. यामुळे ते खोटे ठरत नाही. पण त्याच्या खरेपणाचे निकष बदलतात. शिखराची उंची, चढाईचे तास, वर्णनाची लय यांपेक्षा निवेदक साक्षीचा प्रश्न कसा सोडवतो, हे पाहणे निर्णायक ठरते. वाटेवर पाणी दाखवणाऱ्याने या एकट्या पांथस्थाकडे काय नजरेने पाहिले, तो कशासाठी एकटा फिरतो असे त्याला वाटले, हे ज्या लेखनात उमटते, त्यात निवेदकाचे एकटेपण प्रथमच बाहेरून दिसते आणि म्हणून विश्वसनीय होते. ‘एकांका’ने ऐकणाऱ्याला आणि ‘विवेकसिंधू’ने विचारणाऱ्याला ग्रंथात जागा दिली. आधुनिक गिरिभ्रमणलेखनाने इतिहासाला ती दिली, वस्तीवरच्या माणसाला क्वचितच. बालाघाटातून ऊसतोडीला जाणारा आणि डोंगर हेच घर असलेला माणूस जेव्हा रिकाम्या झालेल्या आपल्या गावाविषयी, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या एकाकीपणाविषयी लिहील, तेव्हा ‘विजन’ या जुन्या शब्दाला मराठीत एक नवा आणि कठोर अर्थ प्राप्त होईल. आणि तो अर्थ समजून घेण्यासाठी दुर्गलेखनातून घडलेली रसिकता पुरी पडणार नाही.