गॉडझिला किती मोठा? स्केल बार हरवलेल्या चित्राची गोष्ट

मायक्रोस्कोपखालच्या फोटोत स्केल बार नसेल तर गाईड तो फोटो परत पाठवतात. दिसणारी गोष्ट पेशी आहे की परागकण, हे आकारावाचून ठरत नाही. आज हाच नियम लावून आपण कॉमिक्समधल्या अजस्र राक्षसांकडे बघू. विषय हलकाफुलका वाटेल, पण संशोधनाचा प्रश्न कसा घडवायचा हे त्यातून छान कळतं.

विज्ञानाचा विद्यार्थी गॉडझिला बघितला की पहिला आक्षेप घेतो तो वजनाचा. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, हाडाचा छेद मात्र चौपटच वाढतो. म्हणजे 1954 च्या चित्रपटातला 50 मीटरचा प्राणी उभाच राहू शकणार नाही. हिशेब बरोबर आहे, पण त्यातून चित्रपटाबद्दल काहीच कळत नाही. इशिरो होंडाचा तो चित्रपट हायड्रोजन बॉम्बच्या भीतीतून आला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकन चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. तेव्हा आपला प्रश्न असा हवा: एवढं मोठं दुःख अंगावर घेऊन आलेला प्राणी कॉमिक्सच्या पानात मावतो का?

आधी थोडा इतिहास. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या चार्लटन कंपनीने 'कोंगा' आणि 'गोर्गो' या ब्रिटिश चित्रपटांवरून कॉमिक्सच्या मालिका काढल्या. पुढे स्पायडरमॅनमुळे गाजलेल्या स्टीव्ह डिट्कोने त्यांतले अंक चितारले. कोंगा हा अवाढव्य वानर चित्रपटाच्या शेवटी मरतो. कॉमिक्समध्ये त्याला मरून चालणार नव्हतं, कारण पुढचा अंक काढायचा होता! ही साधी गोष्ट लक्षात ठेवा. चित्रपट दीड तासात संपतो, मालिका संपत नाही. ज्याला दर अंकात जगवायचं, त्याच्याबद्दल वाचकाला थोडी तरी माया वाटायला हवी. म्हणून राक्षस हळूहळू बिचारा होतो, गैरसमजाचा बळी होतो.

मग मार्व्हलने 1977 ते 1979 या काळात गॉडझिलाचे 24 अंक काढले. लेखक डग मोएंच, चित्रकार हर्ब ट्रिंपी. हक्क फक्त गॉडझिलाचे होते, त्याच्या पडद्यावरच्या शत्रूंचे नव्हते. त्यामुळे मार्व्हलने नवे राक्षस घडवले आणि जोडीला आपले सुपरहिरो आणले. एका टप्प्यावर तर गॉडझिलाला लहान करून गटारात उंदराशी लढवलं. हा भाग धमाल आहे, मी नाही म्हणणार नाही. पण इथेच स्केल बार हरवतो. ज्या जगात उडणारी माणसं आणि महाकाय रोबो आधीच आहेत, तिथे 50 मीटरचा प्राणी आणखी एक पाहुणा ठरतो. बॉम्बची आठवण उगमकथेपुरती उरते, पानापानावर जाणवत नाही.

इथे घाईने निष्कर्ष काढू नका. 'कॉमिक्सने गॉडझिलाला गोड केलं' असं लिहिलंत, तर परीक्षक लगेच विचारतील, चित्रपटांचं काय? 1977 येईपर्यंत जपानी चित्रपटांतच तो मुलांचा लाडका झाला होता. म्हणजे कारणं दोन आणि परिणाम एक, आणि दोन्ही कारणं गुंतलेली. ती सुटी करायला तुलना लागते. कोंगा इथे उपयोगी पडतो, कारण त्याला तसा चित्रपटांचा लांब प्रवासच नव्हता. तरीही तो मालिकेत टिकला. मालिकेच्या रूपाचा काही वाटा आहे, असं म्हणायला एवढा आधार पुरतो. त्याहून मोठा दावा एका उदाहरणावर करू नये.

आता दुसरं टोक. जेम्स स्टोकोचं 'हाफ सेंचुरी वॉर' आयडीडब्ल्यू या प्रकाशनाकडून 2012-13 मध्ये पाच अंकांत आलं. प्रत्येक अंक वेगळ्या वर्षात घडतो: 1954, 1967, 1975, 1987 आणि 2002. पहिल्या अंकात टोकियोत रणगाड्यावर असलेला तरुण सैनिक ओता मुराकामी शेवटच्या अंकात म्हातारा झालेला असतो. गॉडझिला मात्र तोच. स्टोकोने मोजपट्टी मीटरची ठेवलेली नाही, एका माणसाच्या आयुष्याची ठेवली आहे. राक्षस किती मोठा? एक अख्खं आयुष्य खाऊन उरेल एवढा. त्याची रेषा दाट आहे, एकेक मोडकी खिडकी दिसते, आणि गर्जनेची अक्षरं चित्राचाच भाग होतात. कागदाला आवाज नाही, ही उणीव त्याने कामाला लावली.

दोषही सांगतो. 1987 चा अंक मुंबईत घडतो. आपण उत्सुकतेने उघडतो, पण टोकियोला जशी ओताची आठवण मिळाली तशी मुंबईला कोणाचीच मिळत नाही. व्हिएतनाम आणि घानाचंही तेच. नजर शेवटपर्यंत ओताचीच. पन्नास वर्षं मोजणारी पट्टी आहे, पण ती एकाच माणसाच्या हातात आहे.

शेवटी स्रोतांबद्दल. मार्व्हलकडचे हक्क संपल्यावर ते 24 अंक वर्षानुवर्षं पुन्हा छापले गेले नाहीत. 2006 मध्ये एकत्र आले तेही कृष्णधवल. या मधल्या काळात कोणी 'राक्षसांच्या कॉमिक्सचा इतिहास' लिहिला असता, तर त्याच्या हाती सहज उपलब्ध तेवढंच लागलं असतं. परवान्याचा करार हा इथे नमुना निवडणारा अदृश्य हात आहे. तुमच्या विषयातही असा हात असणारच: न छापलेले निकाल, न जपलेले नमुने, बंद पडलेली नियतकालिकं.

तेव्हा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा दोन ओळी आधी लिहून काढा. माझी मोजपट्टी कोणती आणि ती कोणाच्या हातात आहे? आणि माझ्यापर्यंत जे पोचलंच नाही, ते कोणामुळे पोचलं नाही? या दोन उत्तरांशिवाय पुढचं पान सुरू करू नका.